मेढी रोवायचा दिवस

पहाटे ५.१५
ट्रॅक्टर शिरोळच्या शिवारात, उसाच्या कडेला थांबतो. मागे दोन ट्रॉल्या. इंजिन बंद झाल्यावर आधी शेळ्या ओरडतात, मग लेकरं. ऊसतोडीची टोळी, दहा कोयत्यांची. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाच्या वहीत माणसं अशीच मोजतात. काल दुपारी बीड जिल्ह्यातून, वडवणीच्या बाजूने निघाले. बार्शी, पंढरपूर, मिरज. अर्जुनवाडच्या पुलावरून कृष्णा ओलांडली तेव्हा ट्रॉलीत एक म्हातारीच तेवढी जागी होती. तिला ही वाट तोंडपाठ आहे. तिचा हा कितवा हंगाम ते तिलाही सांगता येत नाही. थोरला मुलगा पोटात होता तेव्हापासून येतेय, एवढंच सांगते.

पेट्या उतरतात. पत्र्याच्या, कुलूप लावलेल्या. बाजरीची पोती. तवे, परात, पाण्याचे हंडे, गोधड्यांची गाठोडी, पाय बांधलेल्या कोंबड्या. कोयते पोत्यात गुंडाळून सगळ्यात खाली ठेवलेत, ते सगळ्यात शेवटी निघतात. आज त्यांचं काम नाही. आज घरं बांधायची आहेत.

५.५०
कुठे बांधायची, यावर पहिला वाद.

मुकादमाने जागा हेरून ठेवलीय. उसाच्या आत, ओढ्याच्या अंगाला. फड जवळ, चालणं कमी, ट्रॉली दारात. गड्यांना पटतं. बाया गप्प. म्हातारी काही बोलत नाही, एक हंडा उचलते आणि विहिरीच्या मोटारीकडे चालू लागते. तिथे वाफ्याच्या तोंडाशी पाइप आहे. हंडा भरून परत येते तेव्हा पुरुषांची बिडी विझत आलेली असते.

“मुकादम, एवढं चालून सात हंडे आणायचे रोज. मग भाकरी कवा करायची?”

“मावशे, पण फड…”

“फड तर महिन्यानं दुसरीकडं जाईल. पाणी हितंच ऱ्हातंय.”

दुसरी एक बाई विचारते, दुकान कुठं, गिरणी कुठं. तिसरी विचारते शाळेचं. ओढ्याच्या अंगाला बसलं तर दिवस जाईल पण गाव दिसणार नाही. रस्त्याच्या अंगाला बसलं तर दळण, तेल-मीठ, दवाखाना, शाळा सगळं पायाखालच्या वाटेवर. या टोळीत बायांना हा हिशेब करायला फार वेळ लागत नाही. मुकादम मान हलवतो. जागा रस्त्याच्या बाजूला, बांधाच्या वरच्या अंगाला ठरते. अर्थात मालक हो म्हणाला तर.

६.३०
मालक मोटारसायकलवरून येतो. डोक्याला मफलर.

“काय मुकादम, कवा आलासा?”

“आत्ताच की मालक.”

बोलणी उभ्या-उभ्या होतात. पडीक तुकडा आहे, भुईत मीठ वर आलंय, तसंही तिथे काही येत नाही. शिरोळ तालुक्यात अशी पांढरी पडलेली रानं बरीच. पाणी जास्त झालेली जमीन. पाण्यासाठी जिल्हा सोडून आलेली ही माणसं त्या पांढऱ्या थरावर पाय ठेवून उभी असतात. अटी तीनच. उसाजवळ चूल नको. पाइपाचं पाणी मोटार चालू असेल तेव्हाच, आणि शेतीची वीज या आठवड्यात दिवसा आहे, पुढच्या आठवड्यात रात्री. तिसरी अट वाढ्यांची, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांची: तोड चालू झाली की त्याच्या दोन म्हशींना रोज चार पेंड्या.

“आणि दूध?” म्हातारी मधेच विचारते.

मालक हसतो. “लेकरापुरतं न्हे जावा.”

मग तो स्वतःच जागा दाखवतो. आणखी थोडं वर, रस्त्याला चिकटून. नोव्हेंबरात पुराचं भय नाही, पण त्याचा हात सवयीने वरच्या अंगाला जातो. २०१९च्या ऑगस्टात कृष्णा-पंचगंगेचं पाणी त्याच्या घरात छातीइतकं होतं. घरचे सगळे शाळेच्या खोलीत जाऊन राहिले. दहा कुटुंबं, मधे साड्यांचे पडदे. २०२१ला पुन्हा. “आमीबी ऱ्हायलोय की असं,” तो म्हणतो आणि गाडीला किक मारतो.

७.१५
कारखान्याकडून टेम्पो येतो. बांबू आणि बांबूच्या कामट्यांच्या चटया. कोयत्यामागे मोजून. सही नाहीतर अंगठा. वरचा प्लॅस्टिकचा कागद ज्याचा त्याचा. म्हातारीच्या धाकट्या मुलाने बार्शीत नवा घेतलाय, सातशे रुपयांना. निळा. बाकीच्यांचे गेल्या वर्षीचे, घडीवर फाटलेले, त्यांना चिकटपट्टी.

धाकट्याचं लग्न याच मेमध्ये झालं. सून बारावी झालेली. तिची ही पहिलीच तोड आणि पहिलीच कोपी, म्हणजे तोडणीवाल्यांची झोपडी. ती चटयांच्या ढिगाशेजारी उभी राहून कुठून सुरुवात करायची ते बघतेय.

८.००
आधी आखणी. फूटपट्टी नाही. सासू कोपरापासून बोटांपर्यंतच्या हाताने मोजते. लांबी आठ हात, रुंदी सहा. पायाच्या अंगठ्याने मातीत रेघ. शेजारच्या कोपीची रेघ दोन पावलं सोडून. दोन ओळी, तोंडं समोरासमोर, मधे गल्ली. थोरला भाऊ समोर, धाकटा बाजूला. आत्याची लेक त्याच्या पलीकडे. मुकादम रस्त्याच्या टोकाला. गावाकडे वस्तीवर जे ज्याच्या शेजारी राहतात ते इथेही त्याच्याच शेजारी. नकाशा कुणी काढत नाही, सांगतही नाही. माणसं आपापल्या पेट्या बरोबर तिथेच नेऊन ठेवतात.

मग पहार. वरचा थर पापडासारखा फुटतो, खाली काळी चिकट माती. पावसाळ्याची ओल अजून आहे म्हणून बरं, नाहीतर फेब्रुवारीत इथे पहार वाजते. खड्डा दीड हात. धाकटा पहार मारतो, सून हाताने माती उपसते. पहिल्या तासात तिच्या तळहाताला फोड येतो. ती कुणाला दाखवत नाही. सासू बघते, पोलक्याची चिंधी काढून देते.

९.३०
काळा चहा. कालच्या भाकऱ्या, ठेचा. ट्रॉलीत बसून अंग आखडलंय, पुरुष पाठ मोडून घेतात. बाया बसत नाहीत, भाकरी हातात घेऊनच चटया सोडवतात.

१०.१०
दोन मेढी उभ्या राहतात. वर दुबेळक्यात आढं. आढं चढवलं की म्हातारी त्याला दोन्ही हातांनी लोंबकळून बघते, पाय उचलून. ही तिची तपासणी. आढ्याला पुढे झोळी बांधायची असते. थोरल्या सुनेचं सहा महिन्यांचं लेकरू दिवसभर तिथे टांगणार. तिच्या वजनाला टिकलं तर लेकराला टिकेल.

वासे तिरपे, दोन्ही बाजूंनी. बांधायला नायलॉनची दोरी आहे, तरी सांध्यांना म्हातारी जुन्या साडीच्या पट्ट्याच वापरते. दोरी बांबूवरून सरकते, सुती धडपं भिजलं की आवळतं. सुनेने एक सांधा दोरीने बांधलेला. सासू काही न बोलता तो सोडते आणि पट्टी तिच्या हातात देते. दोन वेढे आडवे, एक उभा, टोक आत. दुसरा सांधा सून बरोबर बांधते.

चटया खालून वर. कौलं घालतात तशी वरची चटई खालचीवर चढवायची, म्हणजे पाणी आत येत नाही. वर निळा कागद, त्यावर दोरी, दोरीच्या टोकांना दगड. कोपी अजून पुरी झालेली नाही. तोड सुरू झाली की त्याच फडातलं पाचट आणि वाढे वरून अंथरायचे, मग रात्री गारठा कमी लागतो. शाकारणी उसाचीच होते. त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस थंडीचे.

मधोमध उभं राहता येतं. कडेला फक्त बसता येतं. दारातून आत जाताना वाकावं लागतं, बाहेर येतानाही.

११.३०
जिल्हा परिषदेच्या शाळेतले एक शिक्षक येतात. हातात वही. नवीन लेकरं मोजायला. सहा ते चौदा वयाची किती, कुठल्या शाळेतून आली, शिक्षण हमी कार्ड आहे का. ते बांबूच्या ढिगावर बसतात. त्यांना चहा मिळतो. सहा लेकरं निघतात. तिघांची कार्डं पेट्यांत आहेत. पेटी उघडायला किल्ली, किल्ली सासऱ्याच्या करगोट्याला, सासरा बांबू आणायला गेलाय.

थोरलीची मुलगी नऊ वर्षांची. चौथीत.

“हिला पाठवा उद्यापासनं. शाळा लांब न्हाई, हितनं दिसत्याय बघा.”

थोरली झोळीकडे बघते. “मग ह्याला कोण बघायचं, गुरुजी?”

गुरुजी म्हातारीकडे बघतात. म्हातारी म्हणते, मी फडावर मोळ्या बांधायला जाते, मी घरी बसले तर अर्धा कोयता खाली. सगळे थोडा वेळ गप्प. मग गुरुजी अंगणवाडीचं विचारतात, तीन वर्षांच्या वरचं असेल तर तिथे आहार मिळतो. हे सहा महिन्यांचं. ते वहीत मुलीचं नाव लिहून घेतात. उद्या परत येतो म्हणतात. शाळेचं छप्पर इथून खरंच दिसतं. ओढ्याच्या अंगाला बसले असते तर दिसलं नसतं. मुलगी दिवसभर अधूनमधून त्या दिशेला तोंड करून काम करते.

१२.४५
भुई. पाण्याचा सडा, खोऱ्याने सपाट, मग पायांनी चोपणं. मालकाच्या गोठ्यातलं शेण पाटीभर. सारवण हाताने, अर्धगोलात, मागे सरकत सरकत दारातून बाहेर. कोपीभोवती वीतभर खोल चर. अवकाळी पाऊस आला तर पाणी चरातून जावं. गेल्या वर्षी चर काढायचा राहिला आणि एका रात्रीत बाजरी भिजली, असं मुकादम सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतो. कुणाची भिजली ते सांगत नाही. ती बाई खाली मान घालून सगळ्यांपेक्षा खोल चर खणतेय.

१.३०
जेवण. भाकरी, बेसन. सारवण वाळेपर्यंत आत जायचं नाही, त्यामुळे सगळे गल्लीत.

म्हातारी मात्र आत जाते. पूर्वेच्या कोपऱ्यात दोन विटा, त्यावर फळीचा तुकडा. भगवानबाबांची तसबीर पेटीतून निघते, कापडात गुंडाळलेली. तिच्या शेजारी दुसरी, लहान, प्लॅस्टिकच्या चौकटीतली: नरसोबाच्या वाडीचे दत्त. ती तिने इथेच एका हंगामात सुट्टीच्या दिवशी वाडीला पायी जाऊन आणलेली. आता ती तसबीर दर वर्षी वडवणीला जाते आणि दर वर्षी शिरोळला परत येते.

त्या दोन तसबिरींकडे बघताना मला माझगाव आठवलं. मुंबईत, गोदीजवळ, चिनी खलाशांनी १९१९ साली एक घर बांधलं. ग्वांगडोंगमधल्या चार तालुक्यांची माणसं, बोटीवरून उतरलेली. वरच्या मजल्यावर क्वान कुंग या देवाचं देऊळ, खाली नवख्याला पथारी टाकायला जागा. उतरल्या उतरल्या देव, ओळखीची भाषा आणि रात्रीची झोप एकाच जिन्यावर. मग उजाडल्यावर मुंबई बघायला मोकळा. कोलकात्यात, सॅन फ्रान्सिस्कोत, जिथे जिथे ते गेले तिथे त्यांनी अशी घरं आधी उभी केली. त्यांच्याकडे विटा होत्या आणि थोडी वर्षंही होती. इथे चटया आहेत आणि संध्याकाळपर्यंतचा वेळ. काम तेच चाललंय. मला त्या माझगावच्या घरापेक्षा ही दोन विटांवरची फळी कमी वाटली नाही. एक फरक मात्र आहे. माझगावचं घर अजून उभं आहे. ही फळी मार्चमध्ये जळणात जाईल.

३.००
चार बाया गावात निघतात. म्हातारी आणि सून त्यांच्यात. डोक्यावर बाजरीचं दळण, पिशवीत सहा मोबाइल आणि त्यांचे चार्जर.

गिरणीवाला म्हातारीला ओळखतो. “आलासा व्हय आजी? औंदा उशीर?” दळण किलोला पाच रुपये. बारा किलो. तो बाजरीचं वेगळं जातं लावतो, कारण इथली माणसं ज्वारी-गहू दळतात आणि बाजरी मिसळली की तक्रार करतात. दुकानात तेलाचं पाकीट, मीठ, चहापूड, साखर. साखर पाव किलो. कांदा-लसणाची चटणी दुकानदार आपणहून पुडीत बांधतो. मागच्या वर्षी म्हातारीला आवडली होती. ती आता बीडच्या ठेच्याबरोबर एकाच बरणीत जाते. उधारीच्या वहीत जुनं पान उघडलं जातं. मागची बाकी ३४० रुपये. म्हातारी कमरेचा बटवा सोडून ती आधी देते, मग नवीन सामान लिहायला सांगते. सून हे बघून ठेवते.

मोबाइल दुकानातच चार्जिंगला. एका मोबाइलला दहा रुपये.

४.३०
न्हाणी. चार काठ्या, तीन बाजूंनी साड्या, खाली फरशीचा तुकडा. दहा कोयत्यांत दोन न्हाण्या. बायांच्या आंघोळी पहाटे तीनच्या आधी उरकतात, अंधार असेपर्यंत. संडास नाही. त्यासाठी ऊस, आणि ऊस जसजसा तुटत जाईल तसतसं लांब जावं लागेल. याबद्दल कुणी बोलत नाही. सून जागा विचारून घेते, एकदाच, हळू आवाजात.

चूल दारापासून तीन पावलं, उसापासून लांब, मालकाच्या अटीप्रमाणे. कोपीत चूल घालायचीच नाही, पाचटाला ठिणगी पुरते. रोज निजताना चुलीवर पाणी ओतायचं काम नऊ वर्षांच्या मुलीचं.

५.४५
आता कोयते निघतात. पोतं सोडलं जातं. पाती कानशीने घासायची, धार अंगठ्याने बघायची. नवा कोयता गावच्या लोहाराकडून अडीचशेला आणलेला. त्याची मूठ सुनेच्या हाताला जाड पडते. सासरा मूठ तासून बारीक करतो, तिच्या हातात देतो, परत घेतो, आणखी थोडी तासतो.

मुकादम गल्लीत उभा राहून उद्याचं सांगतो. फड ८६०३२ जातीचा, उभा ऊस, पडलेला नाही. चांगली बातमी आहे. पडलेला ऊस सरळ करून तोडायला दीडपट वेळ जातो आणि टनाचा दर तोच. ट्रॅक्टर चारला येईल. दुपारपर्यंत ट्रॉली भरायची. एक दिवस घरी बसलात तर खाडा, त्याचे पैसे उचलीवर, म्हणजे आधी घेतलेल्या आगाऊ रकमेवर चढतात. आजारी पडायचं तर आज पडा, असं तो म्हणतो. थोडे हसतात.

७.१०
मालकाची मुलगी दूध घेऊन येते. स्टीलच्या किटलीत अर्धा लिटर. वाढे अजून तुटलेले नाहीत. दूध आधी आलं. ती थोरलीच्या मुलीला विचारते, कितवीत आहेस. दोघी एकाच शाळेत, एकाच वर्गात निघतात. उद्या सकाळी बोलवायला येऊ का, मालकाची मुलगी विचारते. थोरली ऐकते. नाही म्हणत नाही, हो म्हणत नाही. झोळीला एक झोका देते.

८.४०
दहा कोप्या उभ्या. एका कोपीत चार्जिंगचा दिवा. सून दारात बसून मोबाइलवर आकडे मारतेय. धाकट्याने जोडीची उचल एक लाख घेतलीय. निम्मी लग्नाच्या देण्यात गेली, थोडी सासऱ्याच्या डोळ्याला. २०२४च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्के वाढून टनाला ३६६ झाला.

“एक लाख भागिले तीनशे सहासष्ट,” ती म्हणते. “दोनशे त्र्याहत्तर टन.”

“दिवसाला दोन टन होतंय नव्या जोडीला,” सासरा आतून सांगतो. “पहिल्या आठवड्यात तेबी न्हाई.”

“म्हणजे एकशे सदतीस दिवस.”

“पट्टा किती दिवसांनी पडतो इथला, हंगाम कधी संपतो?” ती नवऱ्याला विचारते.

“शंभर. लई झालं तर सव्वाशे.”

ती आकडे परत मारते, यावेळी दिवसांकडून. एकशे वीस दिवस, दोनशे चाळीस टन, सत्त्याऐंशी हजार आठशे चाळीस. वजाबाकी करते. बारा हजार एकशे साठ. म्हणजे उचल फिटत नाही, पुढच्या हंगामाला एवढे आपल्याकडूनच निघायचे.

“आणि वाढ्याचे?” म्हातारी गोधडी झटकत विचारते.

“ते धरले नाहीत.”

“धरू नको. ते दुकानाचे.”